जाऊबाईंची कयाक आणि दांडगोबा

आधीच सांगून ठेवते, बादलीतलं सोडलं तर मला पाणी आवडत नाही. त्यामुळे आमच्या जाऊबाईंनी साठी उलटल्यावर, दोन्ही गुडघ्यांनी राजीनामा दिल्यावर, कयाक घ्यायचं काढलं तेव्हा मी कपाळाला हात लावला. कयाक म्हणजे काय हेही मला माहीत नव्हतं. एकट्याने बसून वल्हवायची लांबट होडी, असं आमच्या ह्यांनी समजावलं. "मग होडी म्हणा की सरळ," मी म्हटलं. तर म्हणे होडी वेगळी आणि कयाक वेगळी. बरं बाई, वेगळी.

जाऊबाई म्हणजे माझी थोरली जाऊ. जुने सोफे आणि खुर्च्या नव्याने मढवून द्यायचं आमचं दुकान आहे. खाली दुकान, मागे कारखाना, वर दोन घरं, एक त्यांचं आणि एक आमचं. थोरले दीर गेले तेव्हा सगळ्यांनी गृहीत धरलं की आता दुकानाला कुलूप लागणार. जाऊबाईंनी कोणाला काही विचारलं नाही. सुतक संपलं तशी त्यांनी दिरांची हातोडी उचलली आणि अर्धवट राहिलेल्या आरामखुर्चीपाशी गुडघे टेकून बसल्या. इतकी वर्षं नवऱ्याला चहा देता देता त्या काय बघत होत्या ते तेव्हा आम्हाला कळलं. कापड बेतणं माझ्याकडे, टेम्पो चालवणं आमच्या ह्यांच्याकडे, आणि गिऱ्हाइकांशी बोलणंही माझ्याचकडे. कारण जाऊबाईंचं तोंड रिकामं नसतं. बारीक खिळे ओठांत धरायचे, एकेक जिभेने पुढे आणायचा, चुंबकाच्या हातोडीने उचलायचा आणि ठोकायचा, अशी त्यांची पद्धत. त्यामुळे दिवसभरात त्यांच्या तोंडून दोनच आवाज निघतात. 'हं' म्हणजे हो आणि 'अहं' म्हणजे नाही. पण त्या दोन आवाजांत बाई सगळं बोलतात. मला तर त्यांचा 'हं' ऐकून कळतं, आज रागावल्यात की भूक लागली आहे.

दांडगोबा आमच्याकडे आला तोही सोफ्यातून. एका गिऱ्हाइकाने पोट फाटलेला जुना सोफा आणून टाकला. जाऊबाईंनी आतल्या स्प्रिंगा बघायला हात घातला आणि आतून कोणीतरी बोट चाटलं. डोळेही नीट न उघडलेलं कुत्र्याचं पिल्लू. गिऱ्हाइकाला फोन केला तर तो म्हणाला, "आमचं नाही हो ते, तुम्हीच ठेवा." जाऊबाईंनी तोंडातले खिळे काढून हातात घेतले आणि पिल्लाकडे बघून चक्क पूर्ण वाक्य बोलल्या, "आता हा माझा." वर्षभरात त्या मुठीएवढ्या जिवाचा असा काही दांडगोबा झाला की दारातून एका वेळी तो तरी जावा नाहीतर मी. माझी मांजर, बाईसाहेब तिचं नाव, त्याला बघून आधी कपाटावर राहायला गेली. मग एक दिवस उतरली, त्याच्या नाकावर एक ठेवून दिली, आणि तेव्हापासून घराचा कारभार पुन्हा तिच्या हातात आला.

कुत्रा गुणी होता, पण अंगात रग फार. सकाळ-संध्याकाळ लांब फिरवून आणलं नाही तर तो काहीतरी खाऊन टाकायचा. आणि आमच्या दुकानात खाण्यासारखं पुष्कळ. तोपर्यंत जाऊबाईंचे गुडघे कुरकुरत होतेच. जन्मभर जमिनीवर टेकून काम केलेलं, त्यांना तरी काय दोष द्यायचा? तरीही त्या त्याला नेत होत्या.

एका संध्याकाळी त्या पट्टा मनगटाला गुंडाळून, कानाला फोन लावून चालल्या होत्या. फोनवर त्यांचा मुलगा होता. तो परगावी नोकरीला असतो. समोरून कोणाचा तरी चेंडू घरंगळत गेला, दांडगोबा उधळला आणि जाऊबाई दोन्ही गुडघ्यांवर फुटपाथवर आदळल्या. उठता येईना. रस्त्यावरच्या माणसांनी धरून उचललं, कोणीतरी खुर्ची आणली, आमचे हे टेम्पो घेऊन धावले. ह्या सगळ्या वेळात फोन तिथेच पडला होता आणि चालू होता. मुलाने आई पडल्याचा आवाज ऐकला, तिचं कण्हणं ऐकलं, आणि नंतर नुसती गाड्यांची ये-जा ऐकत बसला. त्याच्या जिवाचं काय पाणी झालं असेल ते मला नंतर समजलं. तेव्हा मी त्याला शिव्याच दिल्या, कारण पुढच्याच आठवड्यात येऊन त्याने निकाल लावून टाकला. कुत्रा जाणार.

"माझ्या मित्राचं मोठं गोदाम आहे," तो म्हणाला. "राखणीला त्यांना असाच कुत्रा हवाय. खाणंपिणं सगळं बघतील."

"अहं," जाऊबाई म्हणाल्या.

"अहं नाही, आई. या वेळी नाही. डॉक्टर काय म्हणाले ऐकलंस ना? परत पडलीस तर गुडघा बदलावा लागेल. मी तिकडे, तू इकडे. मोठ्या सुट्टीत येईन तेव्हा त्याला घेऊन जाईन."

"साखळीला बांधतील रे त्याला," मी मध्ये तोंड घातलं.

"काकू, मग तू फिरव."

मी फिरवून बघितलं होतं. मी अंगाने ही अशी काडी. दांडगोबाने मला फिरवलं असं म्हणणं जास्त खरं होईल. पैसे देऊन कुत्री फिरवणारा एक माणूस लावला, तो दुसऱ्या दिवशी आलाच नाही. तळ्याकाठी नेऊन चेंडू पाण्यात टाकून बघितला, तर हा काठावर उभा राहून जाऊबाईंकडे बघत भुंकायचा. तुम्ही या, मग मी येतो, असा त्याचा हिशेब. एकटा काही तो पाण्यात शिरायचा नाही. इकडे दिवस चालले होते आणि त्याने आधी एका खुर्चीचा हात खाल्ला, मग दुसऱ्या खुर्चीचा. जाऊबाई जेवताना ताटात नुसती बोटं फिरवायच्या. मुलाची धास्तीही त्यांना कळत होती ना! त्याच्याशी भांडण करून कुत्रा ठेवायचा नव्हता त्यांना. त्याची भीती घालवून ठेवायचा होता. भांडण सोपं असतं हो, हे अवघड.

असंच एकदा तळ्याकाठी बसलेलो असताना पाण्यावरून एक मुलगी गेली. पाय पसरून, आरामात, हातांनी वल्हं मारत. आणि तिच्या पुढ्यात एक बुटका पांढरा कुत्रा, कान उडवत. जाऊबाई ती दिसेनाशी होईपर्यंत बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "ह्यात गुडघे कुठे लागतात गं?"

मी म्हटलं, "जाऊबाई, घरी चला."

कयाकच्या दुकानाची मालकीणबाई पूर्वी पोहायला शिकवायची. केस आखूड, नाक उन्हाने सोललेलं, बोलणं रोखठोक. आम्ही आत शिरलो आणि आमच्या जाऊबाईंनी काय करावं? ओळीने मांडलेल्या कयाका उलट्या करून बघायला सुरुवात केली. आमच्या धंद्यात सोफा आधी खालून बघतात. वरून सगळेच छान दिसतात. मालकीणबाईंनी दोन उलट्या होऊ दिल्या आणि मग विचारलं, "ताई, बसणार कोण? कुठल्या पाण्यात? आणि उचलणार कोण?"

"मी. तळ्यात. आणि उचलायला हे दोघं आहेत," जाऊबाई म्हणाल्या. मला न विचारता. हो, 'हे दोघं' म्हणजे मी आणि आमचे हे.

पण धंद्याची खोड कुठे जाते? जाऊबाईंचं मन बसलं ते एका निमुळत्या, वरून बंद असलेल्या कयाकवर. कारण काय, तर तिची बैठक. पाठीला आधार, मांडीला आधार, शिवण सुतासारखी सरळ. बसायला मधे ठेवलेल्या भोकात पाय घालून त्या आत बसल्या, डोळे मिटले, म्हणाल्या, "हं." फार खूश असल्या की येतो तो 'हं'. आणि मग बाहेर येईनात. गुडघे आत अडकले. मी एक हात ओढतेय, मालकीणबाई दुसरा ओढतायत, आमचे हे भिंतीकडे तोंड करून हसतायत.

"आणि कुत्रा कुठे बसणार होता?" मालकीणबाईंनी धापा टाकत विचारलं.

"मांडीवर."

मालकीणबाईंनी बाहेर बघितलं. टेम्पोच्या खिडकीतून दांडगोबाने डोकं बाहेर काढलं होतं आणि डोकं बाहेर काढल्यावर खिडकीत जागा उरली नव्हती. "हा?" त्या म्हणाल्या.

"हा."

"आणा त्याला आत. आपण त्यालाच विचारू."

हे मला आवडलं. मग दांडगोबाला एकेका कयाकमध्ये चढवलं. एक फुगवायची होती, हलकी, मला उचलायला बरी. पण त्याने नखं घासायला सुरुवात करताच मालकीणबाईंनी ती त्याच्या खालून ओढून घेतली. एक अरुंद होती, ती दुकानाच्या फरशीवरच एवढी डगमगली की तो उतरून माझ्या मागे लपला. शेवटी एक उघडी, रुंद, वरून सपाट, मागे सामान ठेवायला खोलगट जागा असलेली. पाय मोकळे पसरता येतील, कडेने सहज उतरता येईल अशी. दांडगोबा तिच्या मागच्या जागेत चढला, स्वतःभोवती फिरला आणि मोठा सुस्कारा टाकून बसला. मालकीणबाईंनी जाऊबाईंचं वजन, कुत्र्याचं वजन, वर भिजलेल्या केसांतलं पाणीही धरून बघितलं आणि मान डोलावली. रंग म्हणाल तर पिवळा की हिरवा ते आमच्या घरात अजून ठरलेलं नाही. जाऊबाई सुंदर बैठकीच्या त्या निमुळत्या कयाककडे परत परत वळून बघत होत्या. पण घेतली ती हीच.

"दोन अटी," मालकीणबाई म्हणाल्या. "कुत्र्याला कयाकला बांधायचं नाही, कधीच नाही. उलटली तर तो तिच्याखाली अडकेल. आणि उलटल्यावर परत चढायला शिकल्याशिवाय एकटं जायचं नाही."

"माझ्या गुडघ्यांना जमेल?"

"गुडघे लागतच नाहीत. हात लागतात. दाखवा बघू." जाऊबाईंनी पंजा पुढे केला. वर्षानुवर्षं सोफ्याचे पट्टे ताणून त्यांची बोटं पकडीसारखी झाली आहेत. मालकीणबाईंनी हात मिळवला आणि लगेच सोडवून घेतला. "जमेल," त्या बोटं झटकत म्हणाल्या.

पुढचे कितीतरी दिवस ती कयाक आमच्या कारखान्यात दोन सोफ्यांच्या मधे पडून होती. जाऊबाई तिच्या शेजारी बसून काम करायच्या आणि दांडगोबाने तिच्यात बसायचं, एवढाच अभ्यास. उठला की "अहं." बसला की "हं." तोंडात खिळे, त्यामुळे दुसरं काही बोलायची सोय नव्हती. मी आणि आमचे हे 'बस', 'थांब', 'खाली' ओरडून घसा कोरडा करायचो, पण आम्ही ओरडलो की त्याला वाटायचं खेळ सुरू झाला. जाऊबाईंच्या नाकातल्या नाकात आलेल्या 'अहं'ला मात्र तो मांडी घातल्यासारखा बसायचा. एकीकडे मालकीणबाईंकडे जाऊन उथळ पाण्यात पडायचं आणि चढायचं शिक्षणही चालू होतं. बाई ओल्या केसांनी घरी यायच्या, दंडाला बाम चोळायच्या आणि परत खुर्ची मढवायला बसायच्या. कुठून आणतात हा दम, देव जाणे.

आता त्यांच्या हातून झालेला घोटाळा सांगते. तो दुसऱ्या कोणाच्या हातून होणं शक्यच नाही. पाण्यात उतरायच्या आदल्या दिवशी त्या कारखान्याचं दार लावून बसल्या. दार उघडलं तर आतली कयाक ओळखू येईना. मागच्या जागेत जाड फोमची गादी, पुढे त्यांच्यासाठी टेकायला उशी, सगळं तपकिरी मखमलीने मढवलेलं, कडेने पायपिंगची गोल गोट, मधे बटणं. "पोराला कडक प्लास्टिकवर कसं बसवायचं?" त्या म्हणाल्या. सुरेखच काम झालं होतं हो. मीही तोंड भरून वाहवा केली. सोफेवाल्या घरातली तीन माणसं आम्ही, पण पाण्याचा विचार एकाच्याही डोक्यात आला नाही.

तळ्यावर लोक थांबून बघायला लागले. जाऊबाई राणीसारख्या बसल्या, दांडगोबा मागे. थोड्या पुढे गेल्या. वल्ह्याचं पाणी उडत होतं, दांडगोबा पाण्यात तोंड घालून परत अंग झटकत होता, आणि फोम ते सगळं पाणी पीत होता. सोफ्याचा फोम तो, त्याचं कामच शोषायचं. बघता बघता कयाकची शेपटी खाली गेली, नाक वर आलं, मग ती डावीकडे झुकली आणि काठापासून हाकेच्या अंतरावर ते सगळं मखमली सिंहासन सावकाश, अगदी मानाने, कलंडलं. पाणी कमरेएवढं होतं म्हणून बरं. तेवढ्यात मालकीणबाई तळ्यावर पोचल्या, भिजलेली गादी उचलायला गेल्या तर ती त्यांना उचलेना. हसता हसता त्यांची पुरेवाट झाली.

जाऊबाईंनी घरी येऊन सगळी मखमल उसवली. मला वाटलं, झालं, आता कुत्रा जातो. पण दुसऱ्या दिवशी त्या चपलांचे तळ बनवणाऱ्याकडे गेल्या आणि पाणी न पिणाऱ्या रबराचे तक्ते घेऊन आल्या. ते कापून कयाकमध्ये चिकटवले. दांडगोबाची नखं रुतायला चांगले, आणि पाण्याने धुतले की झालं. मग सोफ्याच्याच पट्ट्यांचं त्याला लाइफ जॅकेट शिवलं, पाठीवर उचलायला भक्कम मूठ असलेलं. ती मूठ आधी छताच्या हुकाला अडकवून खाली सिमेंटची गोणी टांगून बघितली. चूक झाली तर गप्प बसून तीच गोष्ट पुन्हा, बरोबर करायची. हा गुण माझ्यात असता तर मी आज कुठल्या कुठे असते.

आणि मग काय सांगू! सकाळी दुकान उघडायच्या आधी आम्ही टेम्पोतून तळ्यावर जायचो. पाणी गुडघ्याएवढं असेल तिथे जाऊबाई आपलंही लाइफ जॅकेट चढवून कयाकच्या कडेवर टेकायच्या, एकेक पाय हाताने उचलून आत घ्यायच्या. मग "हं." दांडगोबा मागे चढायचा. त्या वल्हवायला लागल्या की जमिनीवर दोन पावलांना सुस्कारे टाकणारी ती बाई कुठे गेली असं वाटायचं. पाठ ताठ, हात डावे-उजवे, डावे-उजवे. तळ्याच्या मधे गेल्या की परत "हं," आणि दांडगोबा धपकन पाण्यात. त्या वल्हवतायत आणि हा शेजारून पोहतोय, नाक वर, शेपटी सुकाणूसारखी. सगळी रग पाण्यात जिरायची. घरी आला की असा आडवा व्हायचा की बाईसाहेब त्याच्या पोटावर झोपायच्या. खुर्च्यांचे हात शाबूत राहिले. जाऊबाई दोन घास जास्त खायला लागल्या, आणि मी त्यांना गाणं गुणगुणताना ऐकलं. तोंडात खिळे असताना! मला इतका आनंद झाला की मी त्यांना उगाचच ओरडले, "गिळाल एखादा!"

एकदा तर बाईसाहेबच टेम्पोतून आल्या, आम्हाला पत्ता नाही. कयाक पाण्यात गेल्यावर सामान अडकवायच्या पुढच्या जाळीखालून बाईसाहेबांचं तोंड बाहेर. मी काठावरून बोंब मारली, "माझी मांजर! जाऊबाई, माझी मांजर!" जाऊबाई शांतपणे म्हणाल्या, "बसू दे. खाली उतरून कुठे जाणार आहे?" बाईसाहेब कयाकच्या टोकावर जाऊन बसल्या आणि एकदाही खाली न बघता पूर्ण फेरी मारून आल्या. त्यानंतर त्यांना घरी ठेवायची सोय राहिली नाही. त्यांच्याही मापाचं जॅकेट शिवावं लागलं. घालताना रोज एक बोचकारा. शेवटी मांजर जाते आणि मी काठावर बसते, हे फारच झालं म्हणून एकदा मीही बसले. डोळे मिटून. फार काही वाईट नव्हतं.

मोठी सुट्टी आली आणि मुलगा आला. नवा जाड पट्टा घेऊनच आला. गोदामवाल्या मित्राला त्याने संध्याकाळची वेळ दिली होती. आम्ही त्याला सकाळी तळ्यावर नेलं. बाईसाहेबांना त्या दिवशी घरी कोंडलं, एवढं तरी बरं. त्याने काठावर उभं राहून सगळं बघितलं. आईचं वल्हवणं, दांडगोबाचं पोहणं, 'हं' म्हटल्यावर परत चढणं. चेहऱ्यावर हसू आलं, मी बघितलं. मग ते गेलं.

"छान आहे, आई," जाऊबाई काठाशी आल्यावर तो म्हणाला. "पण हे तर रस्त्यापेक्षा वाईट आहे. ह्याने उडी मारली आणि तू मधे पाण्यात पडलीस तर? रस्त्यावर निदान माणसं होती. मी फोनवर ऐकत होतो, आई. तू कण्हत होतीस आणि मला काही करता येत नव्हतं. मला परत तसं बसायचं नाही." तेव्हा मला कळलं, पोरगं हट्टी नव्हतं. घाबरलेलं होतं.

मी म्हटलं, "अरे, त्यांना चढता येतं, शिकवलंय त्यांना."

"उथळ पाण्यात ना, काकू?"

ते खरंच होतं. मधे, खोल पाण्यात, जाऊबाई कधी पडल्या नव्हत्या.

जाऊबाईंनी त्याच्याकडे बघितलं. कयाक वळवली आणि सरळ तळ्याच्या मधे वल्हवत नेली. दांडगोबा मागे बसलेला. तिथे थांबल्या, वल्हं दोरीने कयाकला अडकवलेलं आहे ना ते ओढून बघितलं, आणि मग बाईंनी दोन्ही हातांनी कड धरून सगळं अंग एका बाजूला टाकलं. मुद्दाम! कयाक उलटी झाली. दोघं पाण्यात गेली.

"आई!" मुलगा किंचाळला आणि बुटांसकट, पँटसकट पाण्यात घुसला. पाणी छातीपर्यंत आलं तसा थांबला, कारण त्याला पोहता येत नाही. आमच्या घरात कोणालाच येत नव्हतं. आधी दांडगोबाचं डोकं वर आलं, मग जॅकेटमुळे जाऊबाईंचं. दांडगोबा त्यांच्या अंगावर चढायला गेला असता, तर संपलंच होतं. मुलगा ओरडत होता, मी ओरडत होते, कुत्रा आमच्या आवाजाने बावरून गोल फिरत होता. तेवढ्यात पाण्यावरून एकच आवाज आला, बारीक, नाकातल्या नाकात. "अहं." दांडगोबा जागच्या जागी पाय मारत थांबला.

जाऊबाईंनी कयाकच्या पालथ्या पोटावरून हात टाकला, पलीकडची कड पकडली आणि मागे रेलून ती सरळ केली. मग दोन्ही हातांनी तिला धरलं, पाय मागे पाण्यात मारले आणि पालथ्या तिच्यावर आल्या. एकदा घसरल्या. मी डोळे मिटले. उघडले तर त्या पुन्हा पोटावर होत्या, मग कुशीवर झाल्या, आणि मग उठून बसल्या. केस तोंडावर, छाती वरखाली. थोडा वेळ तशाच बसल्या. मग "हं" म्हटलं, दांडगोबा जवळ आला आणि त्यांनी त्याच्या पाठीवरची मूठ धरून एवढं धूड मागे वर ओढून घेतलं.

वल्हवत त्या मुलापाशी आल्या. तो छातीएवढ्या पाण्यात उभा होता. रडत होता की नुसतं पाणी होतं, मी सांगणार नाही. त्याने कयाकची कड घट्ट पकडली. जाऊबाईंनी त्याच्या गालाला हात लावला.

"रस्त्यावर पडले तेव्हा मला उठता येत नव्हतं, बाळा," त्या म्हणाल्या. "घरात पडले तरी येणार नाही. इथे पडले तर मी माझी मी उठते."

खिशातला फोन पाण्याने कधीच मेला होता, म्हणून त्याने काठावर येऊन माझा मागितला. मित्राला म्हणाला, कुत्रा मिळणार नाही. नाही, नंतरही नाही. फोन माझ्या हातात परत दिला आणि आईकडे वळला. मला वाटलं, आता रागावणार.

"आई," तो म्हणाला, "परत एकदा दाखवशील?"

जाऊबाई दमलेल्या होत्या, दिसत होतं मला. पण त्यांनी कयाक वळवली. तो पुन्हा पाण्यात शिरला, या वेळी न ओरडता, आणि आपली आई पडते कशी आणि उठते कशी ते तोंडावर हात ठेवून बघत उभा राहिला.